पाय टेक, आई

ती. आईस,
दूरच्या थोरल्याचा नमस्कार. मी मजेत आहे, जेवणखाण वेळेवर होतं.

धाकटीने कळवलं, खुब्याचं ऑपरेशन छान झालं, पण आतली सळई मोडेल या भीतीने तू पाय जमिनीला लावतच नाहीस. अगं, अशाच सळया मी कारखान्यात रोज तपासतो. कॉलेज पाहिलं नाही, पण केसाएवढा ओरखडाही माझ्या नखाला कळतो.

आजोबांचं असंच हाड मोडलं तेव्हा सळई नव्हती, त्यांना पायाला वजनं टांगून महिनोन्‌महिने पडून राहावं लागलं. तुझी सळई हाडाच्या आत आहे, तिचा स्क्रू खुब्याच्या गोळ्यात घट्ट बसलाय. भार हाड आणि सळई मिळून घेतात. डॉक्टर उगाच उभं राहा म्हणत नाहीत.

तुझं कळल्यापासून मात्र मी चांगल्या सळयाही नापास करतोय. सुपरवायझर म्हणाले, "अहो, सगळ्या काय तुमच्या आईलाच बसवायच्यात?" सगळे हसले. मीही हसलो आणि तीच सळई पुन्हा तपासायला घेतली.

झोप लागते का? धाकटीवर चिडत नाहीस ना?

पत्र वाचून झालं की वॉकर धर, तिला शेजारी उभी कर आणि पाय टेक. टेकलास की लगेच फोन करायला सांग. तोवर माझ्या टेबलावरून एकही सळई पुढे जायची नाही.

तुझाच,
थोरला