खाऱ्या पाण्याचं माहेर

१ एप्रिल, मंगळवार
आज पुन्हा अकोला. आता दर मंगळवारी नि शुक्रवारी मशीन. यांच्या हातात दोन सुया, रक्त बाहेर जातं, धुऊन परत येतं. मी बाजूच्या स्टुलावर. डॉ. बाई म्हणाल्या, उन्हाळा जपून काढा. दिवसभराला हा एवढा तांब्या, जास्त नाही. लघवीच होत नाही, तर पाणी जाणार कुठे?
हे म्हणाले, "म्हंजे किडनीनं नाई मेलो तर तहानेनं मारता मले."
बाई हसल्या. मी नाही.
परतीच्या बसमध्ये यांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. लोकांसमोर. लग्न झाल्यापासून बाहेर निघालो की हे दोन पावलं पुढे, मी मागे. तेल्हाऱ्याला उतरेपर्यंत मी हलले नाही.

५ एप्रिल
पल्लवीचा फोन, चांदूर बाजारहून. सहावा लागला. सासू पुढच्या महिन्यात ओटी भरणार, मग न्यायला या म्हणते. "आई, माह्यी खोली झाडून ठेवजो. पंखा दुरुस्त करजो." पहिलं बाळंतपण, एकुलती पोरगी, माहेरीच व्हायचं. दिवसभर त्याच आनंदात होते. चहा ठेवला, दूध फाटलं. नळ आला नव्हता म्हणून बोअरचं पाणी टाकलं होतं. खाऱ्या पाण्यात दूध टिकत नाही हे नवी सून आठ दिवसांत शिकते, मी एवढ्या वर्षांनी विसरले.

११ एप्रिल
मशीन. गर्दी. आमच्याच खारपाण पट्ट्यातले लोक. एकमेकांना नावानं नाही, गावानं ओळखतात. दर्यापूरकडची एक बाई नवऱ्याला घेऊन येते. तिनं विचारलं, "तुमच्याकडं बी बोअरच का?" हो म्हटलं. शेंगदाण्याचा लाडू दिला तिनं.
पूर्वी नदीकाठच्या विहिरीचं पाणी जरा बरं होतं. सासूबाई घागरीनं आणत. आता पाऊस येतो तो दोन-चार दिवसांत सगळा कोसळतो, माती घेऊन वाहून जातो. जमिनीत मुरत नाही. ती विहीर कोरडी पडली. बोअर खोल खोल गेला, पाणी खारट खारट होत गेलं.

१५ एप्रिल, मंगळवार
डॉ. बाईंना सांगितलं, माझी किडनी घ्या. रक्तगट दोघांचा एकच. हे मशीनवरूनच ओरडले, "तुह्या पोटात सुरी घालू देऊ का मी? वेडी झाली काय वं?"
मी म्हटलं, तुम्हाला विचारलंय कोणी.
रक्त दिलं, लघवी दिली, सोनोग्राफी. बाकीच्या तपासण्या नंतर. घरी येईपर्यंत हे बोलले नाहीत. रात्री जेवताना भाकरीचा तुकडा माझ्या ताटात टाकला. म्हणजे राग गेला.

२३ एप्रिल
ऊन असं की अंगण दुपारी पांढरं दिसतं. कडुनिंबावरच्या साळुंक्या चोच उघडी ठेवून बसतात, उडत नाहीत. नाल्यात एक रोही मरून पडली, गाईएवढी नीलगाय. पाण्यासाठी गावापर्यंत आली होती. तिथे ओलसुद्धा नाही. कुत्रे जमले.
यांच्या जिभेवर बर्फाचा खडा ठेवते. तो विरघळेपर्यंत डोळे मिटून असतात. मी यांच्यासमोर पाणी पिणं सोडलंय. मोरीत जाऊन पिते. आज हे म्हणाले,
"लपून पेऊ नको. माह्यासमोर पेत जाय."
"तुमाले तरास होते."
"नाई होत. तू पेली की मलेच पेल्यासारखं वाटते."
समोर बसून प्यायले.

३० एप्रिल, आखाजी
सासू-सासऱ्यांच्या नावानं घागर भरायची. बोअरचं पाणी घेतलं तर हे खाटेवरून म्हणाले, "आईले कॅनचं दे. जल्मभर खारं पेली ते."
विकतच्या कॅनचं भरलं. वर खरबूज, वाळा. सासूबाई गेल्या तेव्हा पाय सुजून खांबासारखे झाले होते. तेव्हा कोणी किडनी म्हटलं नाही. म्हातारपण म्हटलं. समोरच्या घरातले दोघं गेले तेव्हा दारू म्हटलं. त्यातला एक तर माळकरी होता.

६ मे, मंगळवार
यांना मशीनला लावून डॉ. बाईंनी मला आत बोलावलं. दार लावून घेतलं.
तुमची घेता येणार नाही म्हणाल्या. माझ्याही किडन्या बिघडायला लागल्यात. सुरुवात आहे, आत्ताच घाबरू नका, गोळ्या घ्या, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. मग विचारलं, कोणतं पाणी पिता?
"तेच."
आणखी काय सांगणार. एकाच माठातलं.
बाहेर आले. यांनी विचारलं, "काय म्हने?"
"नाई जमत म्हने. आतलं काई जुळत नाई."
"बरं झालं." खरंच खूष झाले. "लग्नात त मोठे गुण जुळवले व्हते तुह्या बापानं!" बसमध्ये पुन्हा तेच आठवून हसले. मीपण हसले. फाईल मांडीवर, वरून पदर.

७ मे
सकाळपासून एकच डोक्यात. पल्लवी लग्नापर्यंत हेच पाणी प्यायली. शाळेतून आली की दप्तर फेकायची आणि माठावर तुटून पडायची. आणि आता तिला मी

९ मे
मशीन. काही सुचत नाही. दर्यापूरची बाई आली नव्हती. विचारलं नाही.

११ मे
केला फोन. म्हटलं, पल्लवी, येऊ नको. तिकडेच होऊ दे बाळंतपण.
ती म्हणाली, "काहून? बाबाचं कराव लागते म्हून मी जड झाली काय तुले?"
"तसं नाई वं."
"मंग कसं?"
सांगता आलं नाही. यांचे कान दारापाशीच. शेवटी विहीणबाईंनी फोन घेतला. चांगली बाई आहे, पण बोलली. "पहिल्या खेपेले माहेरचा उंबरठा लागते, बाई. लोक आमाले काय म्हनतीन?"
मी म्हटलं, "आमच्याकडं पाणी नाई."
"पाणी आता कोनाकडं हाय?" म्हणाल्या आणि ठेवला.
पंखा परवाच दुरुस्त करून आणला होता. खोलीत जाऊन लावून पाहिला. फिरतो.

१७ मे
लिहवत नाही पण लिहिते. सकाळपासून लाईट नव्हती. बर्फ कुठून आणणार. वेशीवर टँकर आला म्हणून मी हंडा घेऊन गेले. यांना म्हटलं, आलेच. रांगेत भांडणं, उशीर झाला.
आले तर हे रांजणापाशी जमिनीवर. तांब्या हातात. बंडी पूर्ण ओली. रांजण बराच खाली गेलेला. आणि रडत होते, लहान पोरासारखे. "मले राहवलं नाई वं. मले मार, पण राहवलं नाई."
दुपारी श्वास लागला. आडवं होता येईना. शेजारच्या गाडीनं अकोला. छातीत पाणी भरलं म्हणाले. नदी कोरडी, नाला कोरडा, आणि माझा माणूस पाण्यात बुडायला लागला.

२० मे, अकोला
वाचले. दोन दिवस लागोपाठ मशीन लावली. आज नळी काढली, बोलू लागले. मला वाटलं माफी वगैरे मागतील. म्हणाले,
"लय गोड लागलं वं ते."
"बोअरचं होतं. खारं."
"असन. मले गोड लागलं."
मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. खाली रस्त्यावर उन्हात एक पोरगी कलिंगडं विकत बसली होती, ओलं फडकं डोक्यावर.

२५ मे
माहेरून, हिवरखेडहून, भाऊ आला. यांना पाहिलं, मग आम्ही दोघं दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसलो. त्याला सांगितलं माझ्या रिपोर्टाचं. पहिल्यांदाच कोणाला सांगितलं. म्हटलं, पल्लवीचं बाळंतपण तुझ्याकडे कर. आपलं पाणी गोड आहे.
तो चपलेकडे पाहत राहिला. "ताई, ते माह्यी भाची हाय, कवाही आण. पण आपली विहीर यंदा मार्चातच आटली. आमीच टँकरचं पेऊन राहिलो."
पहाडातून झिरपायचं ते पाणी. लहानपणी वाकून ओंजळीनं घेता यायचं. मी मानलंच नाही. तो म्हणाला, येऊन पाहा.
बाबांनी मला इकडे दिली तेव्हा आजी रडली होती, गोड्या पाण्याची पोर खाऱ्यात देता म्हणून. जमीन काळी, घर चांगलं. बाबा म्हणाले, पाण्यानं काय होते.

३ जून
घरी आणलं. बारीक झालेत. संध्याकाळी दिवा लावत होते तर खाटेवरून एकदम विचारलं, "तुह्यं काय आलं व्हतं, खरं सांग."
भावाच्या तोंडावरून कळलं असणार. सांगितलं. जेवढं बाई म्हणाल्या तेवढंच, जास्त नाही, कमी नाही.
भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं झोपले.

४ जून
उजाडताच हे उठलेले, काठी टेकत अंगणात. बोअरच्या पेटीतला फ्यूज काढून खिशात घातला. "या घरात आता हे पाणी चढनार नाई. माह्यी माय खाल्ली यानं. आता तुले खाते काय?"
मी धरून बसवलं.
पण या बोअरवर सगळी गल्ली आहे. ऊन चढलं तसे एकेक हंडे दारात. कोणी ओरडलं नाही. समोरची विधवा सून फक्त म्हणाली, "भाऊजी, खारं त खारं. दुसरं आमी कुठून आनाव?" तिचं लहान पोट्टं हंड्यावर बसलेलं.
यांनी खिशातून फ्यूज काढला आणि माझ्या हातात दिला. लावायला स्वतः उठले नाहीत.
मी लावला. मोटार सुरू झाली. हंडे भरले.

१० जून, मंगळवार
मशीनहून परतलो तर दारात पल्लवी. जावई सोबत, ऑटोतून पाण्याचे कॅन उतरवत. आठवा महिना, एवढं पोट, उन्हानं लाल झालेली.
"बाळंतपणाले नाई आली. बाबाले पाहाले आली. आता हाकलते काय?"
गळ्यात पडून रडले. मग घरात बसवून सगळं सांगितलं. जावयासमोरच. तो पोरगा मान खाली घालून ऐकत होता. पल्लवीनं पहिलं हेच विचारलं, "तवा फोनवर काहून नाई सांगितलं? मले वाटलं मी तुले नको झाली." महिनाभर ती तसं समजून होती.
मग बाबांजवळ जाऊन बसली. त्यांच्या हातावरच्या, मशीनसाठी ऑपरेशन करून फुगवलेल्या शिरेला कान लावला. आत घरघर वाजते ती. "गिरणीसारखं वाजते, बाबा." हे हसले. कितीतरी दिवसांनी.
झोपताना म्हणाली, "शुक्रवारी मीबी येते. माह्यंही रक्त पाहू."
मी नको म्हटलं. जावई म्हणाला, "पाहू द्या, आई. नाई पाहिलं म्हून काय ते नसन?"

१३ जून, शुक्रवार
तिघं अकोल्याला. यांना मशीन, पल्लवीचं रक्त. सुई टोचताना तिनं माझा हात धरला, लहानपणी लस घेताना धरायची तसा. डॉ. बाई तिच्याशी छान बोलल्या. पायावर बोट दाबून सूज पाहिली. काही म्हणाल्या नाहीत. गरोदरपणात सुजतातच पाय. माझेही सुजले होते.
रिपोर्ट सोमवारी.
त्यावर ठरणार, चांदूर बाजारला परत की अकोल्यातच मोठ्या दवाखान्याजवळ खोली घेऊन ठेवायची. भाऊ अजून म्हणतो हिवरखेडला आणा, टँकरचं तर टँकरचं. पाऊस नाही. ढग येतात, जातात.
बसमध्ये ती आमच्या दोघांच्या मधे बसली. वाटेत एकदम "आई गं" म्हणाली. मी घाबरले. तर म्हणे, लाथ मारली. यांचा पट्टी बांधलेला हात धरून तिनं पोटावर ठेवला. "पाहा, बाबा. इथं. थांबा जरा."
हे थांबले. बराच वेळ काही नाही. गाव गेलं, दुसरं गाव गेलं. मग यांचा चेहरा बदलला. "हाय," म्हणाले. "हाय वं. जोरात हाय."
उतरेपर्यंत हात काढला नाही. मी खिडकीबाहेर पाहत होते. शेतं नांगरून पडलेली, काळी, भेगाळलेली. माणसं बियाणं आणून ठेवून वर बघत बसलेली.