हिरवा ओढा आणि तत्कालीन पर्यवेक्षक

शनिवार, तारीख तेरा

तीर्थरूप काकांना नमस्कार.

ख्यालीखुशाली खाली लिहिली आहे. ती वर लिहिली की तुम्ही तेवढीच वाचून पत्र काकूच्या हातात देता, म्हणून या वेळी झालेलं आधी.

१. मंगळवारी सकाळी नऊ वाजता आम्ही शाळेमागच्या गल्लीतल्या चेंबरमध्ये हिरवा रंग ओतला.
२. ओतायचा होता चाळीस ग्रॅम. ओतला गेला एक किलो.
३. नकाशाप्रमाणे तो पन्नास मिनिटांत सांडपाणी केंद्रावर पोचायला हवा होता.
४. पोचला नाही.
५. दहाच्या सुमाराला पुलाखालचा ओढा हिरवा झाला.
६. दुपारी एकपर्यंत ऑफिसात चौसष्ट फोन आले.
७. नकाशा तुमचा आहे.

आता ख्यालीखुशाली. आई बरी आहे. बाबा बरे आहेत, पण मी तुम्हाला हे पत्र लिहू नये असं त्यांचं म्हणणं आहे. ("दादाला झोप लागणार नाही." मी म्हटलं, काकांना दुपारीसुद्धा लागते.) तुमच्या गुडघ्यांचं ताईकडून कळलं. जिने टाळा. मी बरी आहे. पाणी शुद्ध करून गावाला पाठवणं आणि गावाने वापरलेलं पाणी परत घेऊन पुन्हा शुद्ध करणं, ही दोन्ही कामं आता माझ्याकडे आहेत. पहिल्या कामाबद्दल लोक रोज तक्रार करतात आणि दुसऱ्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. त्यामुळे दुसरं काम चांगलं चाललं आहे असा माझाही समज होता. तो तीन आठवड्यांपूर्वी गेला.

झालं असं की आम्ही गावाला रोज बारा लाख लिटर पाणी देतो. हिशेबाने त्यातलं साडेनऊ लाख तरी सांडपाणी होऊन परत यायला हवं. येतं सव्वाआठ. सव्वा लाख लिटर रोज कुठेतरी जातं. आधी मी मीटर तपासला, मग दुसरा मीटर आणून पहिला तपासला, मग स्वतःची बेरीज तपासली. तिन्ही बरोबर निघाले. फिटरमामांना सांगितलं, तर ते म्हणाले, "लोक पाणी पितात हो मॅडम." (म्हणजे या गावात माणशी रोज हंडाभर पाणी पोटात जातं आणि तिथेच राहतं.) तुम्हाला फिटरमामांची नव्याने ओळख करून द्यायला नको. बत्तीस वर्षांत त्यांनी एक नट जास्त पिळलेला नाही, आणि तुमचं नाव निघालं की ते हातातला पाना खाली ठेवतात. ऑफिसात तुमचा नकाशा अजून काचेच्या चौकटीत लावलेला आहे, 'प्रत्यक्ष कामाप्रमाणे तपासला' अशा तुमच्या सहीसकट. कुठे काही तुंबलं की ते आधी त्याच्यासमोर जाऊन उभे राहतात, मग फावडं घेतात.

म्हणून रंग. तो निरुपद्रवी असतो, थोडासाच लागतो, आणि कुठे ओतला नि कुठे निघाला यावरून पाइप कुठे जातो ते कळतं. मी चाळीस ग्रॅमची पुडी बांधून फिटरमामांच्या हातात दिली आणि स्वतः केंद्रावर जाऊन पाणी आत येतं त्या तोंडाशी पांढरी इनॅमलची ताटली घेऊन बसले. थोड्या वेळाने तेही सायकलवरून आले आणि त्यांनी माझ्यासाठी खुर्ची आणली. बत्तीस वर्षांत त्यांनी कुणा साहेबासाठी खुर्ची आणल्याचं ऐकिवात नाही. तिथेच मला शंका यायला हवी होती. पन्नास मिनिटं झाली. सत्तर झाली.

"मॅडम, ताटली पांढरीच आहे."

"दिसतंय मला."

"नाही, म्हटलं सांगावं."

मग ते बाकीचं सांगू लागले. पुडी त्यांच्या खिशातच राहिली होती. त्यांनी अख्खा डबा ओतला होता. का, असं विचारल्यावर म्हणाले, "लांबचा पल्ला आहे, म्हटलं कमी पडायला नको." एवढ्यात पहिला फोन आला.

ओढ्यावर मी पोचले तेव्हा निम्मं गाव तिथे होतं. हिरवा म्हणजे शेवाळाचा हिरवा नव्हे. पोपटाला लाज वाटावी असा. लाँड्रीवाल्याने लॉजच्या सोळा चादरी नेमक्या तेव्हाच बुडवल्या होत्या. (रंग दुसऱ्या धुण्याला जातो असं मी त्याला लिहून दिलं आहे. त्याने त्यातल्या दोन तशाच ठेवल्या. गिऱ्हाइकाला आवडल्या म्हणे.) न्हाव्याचा पांढरा कुत्रा पोटापर्यंत हिरवा होऊन फिरत होता आणि त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं. शाळेच्या बाईंनी सगळा वर्ग आणून पुलावर उभा केला होता. नगराध्यक्ष स्वतः आले, काठावर उभे राहिले आणि म्हणाले, "हे काय चालवलंय? ओढा ताबडतोब पूर्ववत करा." (ओढा पूर्ववतच होता. फक्त दिसत होता.)

तेव्हापासून माझ्या डोक्यातून हे जात नाही. शाळेमागच्या चार गल्ल्यांचं सांडपाणी, लाइन पडल्यापासून, एकतीस वर्षं या ओढ्यात येतं आहे. तेवढ्या वर्षांत त्याबद्दल नगरपालिकेत एक अर्ज नाही. मी आवक रजिस्टरं चाळली. लोक काठावर बसले, कपडे धुतले, पोरं डुंबली. पाण्याचा रंग पाण्यासारखा होता, तेवढं सगळ्यांना पुरलं. ज्या दिवशी त्यात एक निरुपद्रवी वस्तू पडली, त्या दिवशी चौसष्ट फोन. मी लोकांना हसणार होते, पण त्याच रजिस्टरांमध्ये गेली चार वर्षं माझ्याही सह्या आहेत.

हसू यायचं थांबलं ते खालच्या वस्तीवर गेल्यावर. तिथली विहीर ओढ्याच्या काठाला आहे. मी बुधवारी पाण्याचा नमुना घेतला. निकाल वाईट आला. विहीर बंद केली, टँकर सुरू केला. एका आजीबाईंनी माझा हात धरून विचारलं, "काल चांगलं होतं ना गं? मग आज काय झालं पाण्याला?" त्यांच्या नातीचं पोट दोन वर्षं धड नाही. माझ्याकडे उत्तर आकड्यात होतं. मी त्यांची कळशी टँकरखाली धरली.

शुक्रवारी, सव्वीस तारखेला मला अहवाल द्यायचा आहे. त्यावर मंजुरी झाली तर शाळेमागे एक छोटं पंपघर होईल आणि चारही गल्ल्या केंद्राला जोडल्या जातील. मंजुरी हवी तर कारण लिहावं लागतं. नगराध्यक्षांनी मला एक कारण सुचवलं: रंग निकृष्ट होता, म्हणून निष्कर्ष निघत नाही. वर प्रेमाने म्हणाले, "अगं, तुझेच काका ना? घरातलंच प्रकरण आहे." मी त्यांना म्हटलं, प्रकरण ओढ्यातलं आहे. (हे तोंडावर म्हटलं नाही. घरी आल्यावर आईला म्हटलं.)

मी त्या गल्लीची लेव्हल घेतली. शाळेमागे जमीन मध्येच पाऊण मीटर चढते. नकाशावर ती सपाट आहे. पाणी चढाला जात नाही हे मला अंगणात पारदर्शक नळी धरून तुम्हीच दाखवलं होतं, मी आठ वर्षांची असताना. तेव्हा तुमच्याकडून एवढंच हवं आहे: आपल्या लाइनचा ओढ्यात जाणाऱ्या पावसाळी गटाराशी सांधा नेमका कुठे आहे ते कळवा, म्हणजे चार गल्ल्या उकराव्या लागणार नाहीत.

काकूला नमस्कार. ताईला सांगा, फोन करते.

आपली पुतणी

ता. क. (सोमवार, पंधरा) पत्र दोन दिवस टेबलावर राहिलं. दरम्यान आम्ही खोदलं, तेव्हा वरची विनंती रद्द समजा. कुठे खोदू विचारल्यावर फिटरमामा नकाशासमोर गेले नाहीत. थेट गल्लीत गेले, शाळेच्या भिंतीपासून नऊ पावलं मोजली आणि म्हणाले, "इथं." पहिल्याच खड्ड्यात सांधा लागला. त्यांनी तुम्हाला तोंड न उघडण्याचा शब्द दिला असावा. डबा न उघडण्याचा दिलेला नसावा.

ता. क. २. सांधा एकतीस वर्षांत थेंबभर गळलेला नाही. इतकं नेटकं काम मी या गावात दुसरं पाहिलेलं नाही, आणि ते चुकीच्या दिशेला जातं. आतल्या गिलाव्यावर खिळ्याने तारीख कोरली आहे. तिच्यातला चारचा आकडा तुमच्या हातचा आहे. तारखेखाली 'तात्पुरतं' असा शब्द आहे. तो नकाशावर नाही.

ता. क. ३. तर खरी विनंती ही. तेव्हा काय झालं, चढासाठी लागणारा पंप कुणी नाकारला, तुम्ही सही का केली, हे तुमच्या हाताने एका पानावर लिहून पाठवा. ते मी अहवालाला पहिलं जोडेन, माझ्या निष्कर्षांच्या आधी. नाही पाठवलंत तरी अहवाल जाईल. त्यात 'काका' हा शब्द कुठेही नाही. 'तत्कालीन पर्यवेक्षक' असं अकरा ठिकाणी आहे. त्या माणसाने हे का केलं, ते मला लिहिता येत नाही. मी तो परिच्छेद चार वेळा लिहून पाहिला, आणि चारही वेळा तो बचाव झाला.

फोन करू नका. फोनवर तुम्ही माझी प्रकृती विचारता आणि मी बरी आहे म्हणते. लेखी उत्तर गुरुवार, पंचवीस तारखेपर्यंत माझ्या हातात पडेल असं पाठवा.