यादी बदलायची राहिली

प्रिय धाकट्या,

ताईचं पत्र म्हणजे उपदेश, असं म्हणून बाजूला ठेवू नकोस. बाबांना जाऊन तीन आठवडे झाले. तू आलास, दाराशी उभा राहिलास, चहासुद्धा न घेता गेलास. त्यांची खोली मी अजून आवरलेली नाही. औषधांचा डबा उघडते आणि तसाच बंद करते.

चार वर्षांपूर्वी आपल्या हॉस्पिटलच्या लॅबचा सर्व्हर बंद पडला, तो दिवस तू विसरला नसशील. आपल्या विभागाची ती विचित्र पद्धत: अपग्रेड संध्याकाळच्या पाळीने करायचं आणि रीस्टार्ट दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीने. संध्याकाळी मी होते. सिस्टिमचा गाभा असलेलं कर्नल नवं टाकलं, डिस्कवर जागा नव्हती म्हणून जुनं काढून टाकलं आणि सहाची बस गाठायला पळाले. मशीन सुरू होताना कोणतं कर्नल उचलायचं हे बूटलोडर ज्या यादीत बघतो, ती नव्याने बनवायची राहिली. चालू मशीनला त्याने काहीच फरक पडत नाही. सकाळी तू रीस्टार्ट केलंस आणि मशीन जुन्या यादीप्रमाणे काढून टाकलेलं कर्नल शोधत बसलं. दिवसभर एकाही पेशंटचा रिपोर्ट निघाला नाही, दोन ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. साहेबांनी तुला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. चौकशीत मी लिहून दिलं की माझं काम पूर्ण झालं होतं. आठवड्याभरात तुझी नोकरी गेली. बाबा म्हणाले, याचं कशातच लक्ष नसतं. मी ताटाकडे बघत जेवत राहिले.

पण ते मशीन संध्याकाळपर्यंत तूच सुरू केलं होतंस. म्हणजे ती जुनी यादी तू पाहिलीस. कोणाच्या हातून काय राहिलं, हे तुला त्याच दिवशी कळलं होतं. तू बोलला नाहीस, आणि तू बोलणार नाहीस या भरवशावर मी चार वर्षं पगार घेतला. मला माझी लाज वाटते.

आज सकाळी साहेबांना सगळं खरं लिहून दिलं. साहेब म्हणाले, आता उकरून काय उपयोग. तरी त्याची प्रत सोबत जोडते आहे, नव्या ठिकाणी दाखवता येईल. ज्यांना दाखवायला हवी होती, ते आता नाहीत. शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं, धाकटा आता तरी नीट लक्ष देऊन काम करतो का. मी म्हटलं, हो बाबा, सुधारलाय आता.

तुझीच,
ताई