सीपीयूची घरघर

३ ऑक्टो., शुक्र.
काल दसऱ्याची सुट्टी. आज लॉगइन केलं आणि सीपीयूचा पंखा घरघरायला लागला. मधूनच टक-टक-टक. परवापर्यंत नीट होता मेला. पॉलिसीची चौकशी करणारे एक काका कॉलवर म्हणाले, "मॅडम, गिरणीत बसलाय का?" हो काका, दळण घेऊनच आलेय. (म्हणाले नाही. कॉल रेकॉर्ड होतो.)

४ ऑक्टो., शनि.
अमोलचा उपाय: खाली घडी घातलेला पुठ्ठा, वरून एक चापट. नवरा इंजिनियर आहे. सिव्हिलचा. टीम लीडर रेश्माचा मेसेज, कॉलच्या पुढच्या तपासणीतही आवाज आला तर घरून काम बंद, ऐरोलीच्या ऑफिसला यायचं. कसं यायचं? खुब्याच्या ऑपरेशनपासून सासूबाईंना दिवसभर एकटं ठेवता येत नाही. नोकरी सोडणं तर शक्यच नाही. वैताग नुसता.

६ सोम.
माजिवड्याच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन. "मशीन ठेवून जा, दोन-तीन दिवस लागतील." मग कॉल कशावर घेऊ, पाट्या-वरवंट्यावर? अमोलने शिलाई मशीनचं तेल सोडलं. घरघर तीच, वर तेलाचा वास. सासूबाई सारख्या वॉकर घेऊन दाराशी. "अजून येतोय का गं आवाज?" येतोय आई, बहिऱ्यालाही येईल! जरा जोरातच बोलले. वॉकर वळवून खोलीत गेल्या.

८ बुध.
जेवणाच्या सुट्टीत मीच सीपीयू उघडला. अमोल फोनवर, "अगं, आधी प्लग काढ!" काढलाय रे बाबा. बाजूचा पत्रा काढला तर वरच्या जाळीखाली, पंख्यात अक्षता! कुंकवाचे तांदूळ, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. दसऱ्याला मी पुऱ्या तळत होते तेव्हा सासूबाईंनी सीपीयूची पूजा केली. मला वाटलं, समोर गंध लावलं असेल. त्यांनी सगळं त्याच्या डोक्यावर वाहिलं.
तांदूळ मुठीत घेऊन तशीच त्यांच्या खोलीत गेले. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "तेच ना? मला पहिल्याच दिवशी वाटलेलं."
मग बोलला का नाहीत?
"तुझं काम घरूनच राहू दे म्हणून केलेली गं पूजा. तू ओरडशील म्हणून गप्प बसले."
ओरडलेच. आठवडाभराचा राग एकदम काढला. मग ब्रशने पंखा साफ केला. आवाज थांबला. पण त्या जेवल्या नाहीत नीट.

१० शुक्र.
तपासणीचा कॉल सोमवारी. पंखा गप्प आहे, पण रेश्मा म्हणते, ऑफिसला बोलवायची नावं वरच्यांनी आधीच काढून ठेवलीयत. माझं आहे का ते सांगत नाही.
दुपारी कॉल चालू असताना स्वयंपाकघरात भांडं पडलं. कॉल होल्डवर टाकून धावले. सासूबाई एका हाताने वॉकर धरून उभ्या, ओट्यावर दूध, खाली पातेलं.
"आई, काय चाललंय हे?"
"काही नाही गं. तुला जावं लागलं तर सवय असावी म्हणून. चहा केला बघ माझा मी." खूष होत्या.
मागे गॅस तसाच चालू. तो बंद केला.