तेल खाली उतरेपर्यंत

प्रिय बाबा,

हे पत्र तुमच्या हातात आहे म्हणजे तुम्ही बॉनेट उघडलंत. माझी अर्धी काळजी इथेच मिटली. उरलेल्या अर्ध्या काळजीसाठी एक विनंती आहे. डिपस्टिकला, त्या तेल मोजायच्या पट्टीला, अजून हात लावू नका. आधी हे वाचा, शेवटपर्यंत वाचा, मग काय ते करा. पुढच्या आडव्या दांडीला, जिथे इंजिनाची धग पोचत नाही, तिथे मी हे पत्र मुद्दाम तारेनं बांधलंय. आणि आईला खाली उतरून पाय मोकळे करू द्या. घाट उतरताना ती दारावरची कडी घट्ट धरून बसते, आणि तुम्ही विचारलंत की म्हणते, "मस्त चाललंय की!" तिची बोटं बघा, म्हणजे कळेल किती मस्त चाललं होतं ते.

आत्ता दुपार आहे. तुम्ही आतल्या खोलीत आडवे झाला आहात आणि घोरणं थेट पहिल्या गिअरमधल्या बससारखं ऐकू येतंय. आई ताईच्या बाळासाठी शिवलेले इवले इवले कपडे पुन्हा पुन्हा घड्या घालून पिशवीत भरतेय, काढतेय, भरतेय. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलोय. उद्या तुमच्या आधीच मला न्यायला ट्रक येईल. कुणाची तरी गाडी उचलायची, कुठेतरी नेऊन सोडायची, नेहमीचंच. म्हणजे तुम्ही ताईकडे निघाल तेव्हा मी घरात नसेन. त्यात नवीन काही नाही, असं तुम्ही म्हणालच.

आता गाडी कुठे उभी केली आहेत ते आठवा. पहिल्या घाटाच्या पायथ्याला, चहाच्या हॉटेलसमोरच्या सपाट फरशीवर ना? की जुन्या सवयीनं उतारावर, चाक कडेच्या दगडाला टेकवून? तसं असेल तर आधी आवारात आणा. तिरक्या गाडीत तेल एका अंगाला जातं आणि पट्टी खोटं बोलते. वैतागू नका. वैतागलात तर पत्र घडी करून खिशात घालाल आणि मग सगळंच मुसळ केरात.

परवा जेवताना तुम्ही ताट सरकवून उठलात, म्हणून माझं बोलणं अर्धंच राहिलं. मी एवढंच म्हणत होतो की ही गाडी तेल खाते. तुम्ही म्हणालात, "गाडीला नावं ठेवू नकोस, माझ्या हाताखालच्या एकाही इंजिनानं कधी तेल खाल्लं नाही." खरं आहे. पण बाबा, तुमच्या बसचं तेल रोज रात्री डेपोतला माणूस बघायचा आणि गुपचूप भरायचा. तुम्हाला सकाळी भरलेलीच बस मिळायची. हे मी बोलायला तोंड उघडलं आणि तुम्ही हात धुवायला गेलात.

या जातीच्या गाड्या तेल खातातच. ज्याच्याकडून तुम्ही ही घेतलीत तो हिला शर्यतीच्या मैदानात पळवायचा. इंजिन जोरात फिरणारं, तेल पातळ, आणि वर तो आत जादा हवा कोंबणारा टर्बो, त्यालाही तेलाचाच घोट लागतो. तेव्हा थोडं जळणारच. आईला हे तुमच्याआधी कळलं. तिनं गाडीचं नावच सवत ठेवलंय. "तुझ्या बापाच्या सवतीला आज पाजलं का रे?" असं ती मला रोज विचारायची. मी म्हणायचो, बाबांची नाही आई, तुझी. तर म्हणे, "माझी असती तर मी केव्हाच उपाशी ठेवली असती." आणि वर तिनंच या सवतीसाठी जुन्या साडीची पुसणी फाडून दिली. ती डिकीत आहेत. डाव्या कोपऱ्यात तेलाचा डबा, नरसाळं आणि ही पुसणी, सगळं एका खोक्यात आहे.

काय सांगत होतो? हां, घाट.

तुम्ही घाट कसा उतरता ते मी लहानपणापासून बघतोय. शाळा बुडवून तुमच्या मागच्या पहिल्या सीटवर बसायचो, आठवतं? माथ्यावर आलं की तुम्ही गिअर खाली टाकायचात, पाय सगळ्यावरून काढून घ्यायचात आणि अख्खी बस इंजिनाच्या जोरावर, गुरगुरत, म्हाताऱ्या हत्तीसारखी खाली यायची. ब्रेक कधी तापले नाहीत. नवे ड्रायव्हर तुमच्याकडे बघून शिकायचे. बससाठी त्यासारखी दुसरी पद्धत नाही, आणि मीही गाड्या पोचवताना तेच करतो, तुमचाच मुलगा आहे.

पण पेट्रोलच्या इंजिनाचं असं आहे बाबा, की गिअरमध्ये ठेवून पाय काढला की आत ओढ तयार होते, स्ट्रॉनं सरबत ओढावं तशी. पिस्टनवरच्या रिंगा थोड्या झिजलेल्या असल्या की इंजिन खालचं तेल वर ओढतं. जितका लांब उतार, तितका मोठा घोट. पायथ्याला पुन्हा पाय दिलात की मागे निळसर धूर निघतो. तुम्हाला तो दिसत नाही, तुम्ही पुढे बघत असता. म्हणजे तुम्ही जितका चांगला घाट उतराल तितकं ही जास्त पिणार. हे मी तोंडानं कसं सांगू? ज्या माणसानं सगळी नोकरी घाटात काढली, एकालाही ओरखडा येऊ दिला नाही, त्याला त्याचा पोरगा सांगणार की तुमच्या शहाणपणानंच तेल संपतंय? परवा तेवढा शब्द काढला तर म्हणालात, "मला घाट शिकवतोस? तू एका जागी दहा मिनिटं तरी उभा राहिला आहेस का जन्मात?" आई हसली. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. भिंगऱ्या हे नाव तुम्ही उगाच नाही ठेवलंत.

मला एवढी धास्ती का, तेही सांगतो. आईला वाचून दाखवू नका हा भाग. गेल्या वर्षी आम्ही दोघं एक पांढरी दोनदारी गाडी पोचवायला निघालो होतो. चालवत होता आमच्या कामावरचा मामा, म्हणजे सख्खा नव्हे, सगळे त्याला मामाच म्हणतात, पान खाल्ल्यासारखे लाल ओठ आणि गप्पा अखंड. गाडी नवी कोरी दिसत होती, म्हणून कुणी तेल बघितलं नाही. मी म्हटलं होतं बघू या, तो म्हणाला, "तेलाचा दिवा आहे ना, लागला की बघू." दिवा उतारावरच लागला. लाल. आणि तो लागेपर्यंत आत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. लोखंडावर लोखंड घासल्याचा एक आवाज आला, मग काहीच आवाज नाही. इंजिन बंद. स्टिअरिंग दगड झालं. ब्रेक एकदोनदा लागला, मग पायाखाली लाकडासारखा कडक. वळणाच्या अलीकडे खडीचा एक ढीग होता. तो नसता तर हे पत्र लिहायला मी नसतो. नंतर मामा रस्त्याच्या कडेला बसून कितीतरी वेळ स्वतःच्या गुडघ्यांवर हात फिरवत होता, मूल निजवावं तसा.

तुमच्या पुढे दुसरा घाट आहे. पहिल्यापेक्षा लांब आणि मध्ये ना वस्ती, ना गॅरेज. शेजारी आई. पलीकडे ताई, जिचे दिवस भरलेत आणि जी फोनवर सारखं विचारतेय, निघालात का, कुठवर आलात. पहिल्या घाटात गाडीनं किती तेल प्यायलं ते आत्ताच बघायला हवं. म्हणूनच आईनं तुमच्याकडून वदवून घेतलं ना, की पहिला घाट उतरलो की एकदा बॉनेट उघडीन, बास. तिला ते बोलायला मीच सांगितलं होतं. तिचं तुम्ही ऐकता.

पण बॉनेट उघडून भागत नाही हे आपण बघितलंय. मागच्या महिन्यात तुम्ही बाजारातून आलात, गाडी बंद केली आणि त्याच हातानं पट्टी ओढली. पट्टी जवळजवळ कोरडी. तुम्ही घाबरलात, हो, घाबरलातच, आणि डबा उपडा केलात. दुसऱ्या दिवशी गल्लीभर धूर. समोरच्या काकू ओल्या फडक्यानं नाक झाकून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, डास मारायचे तर सांगून तरी मारा!" गॅरेजमध्ये जादा तेल काढावं लागलं. तेव्हापासून तुम्ही दुसरं टोक गाठलंत. पट्टी खोटी, मेकॅनिक खोटा, पोरगा तर पहिल्यापासूनच खोटा. आता म्हणून मला दोन्ही भीती आहेत. पट्टी कोरडी दिसली आणि तुम्ही पुन्हा डबा ओतलात, तर दुसऱ्या घाटात तेलाचा फेस होऊन इंजिन बसेल. नाहीतर खरंच कोरडी असली आणि तुम्ही म्हणालात, ही तर खोटंच बोलते, आणि बॉनेट आपटलंत, तर पुढचं मला लिहवत नाही.

पट्टी खोटी नाही बाबा. ती फक्त घाईत खरं सांगत नाही. चालत्या इंजिनात तेल वरपर्यंत चढलेलं असतं, कानाकोपऱ्यात. बंद केल्यावर ते हळूहळू ओघळत खाली येतं. सगळं उतरेपर्यंत थांबावं लागतं. आणि थांबणं तुम्हाला जमत नाही. मी एका जागी बसत नाही म्हणता, पण हे तुमच्याकडूनच आलंय. स्टॉपवर घंटी वाजली की बस हलली पाहिजे, एवढंच तुम्हाला ठाऊक.

फक्त एका गोष्टीसाठी तुम्ही थांबता. मी भटकत असताना पाठवलेली पत्रं तुम्ही दारात, उन्हात, उभ्या उभ्याच वाचायचात, असं आईनं मला सांगितलंय. चष्मा कपाळावरून खाली घेऊन, ओळीवर बोट ठेवून, शेवटच्या शब्दापर्यंत, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. तोवर चहा गार होऊ द्यायचात. फोनवर मात्र माझा आवाज ऐकला की "घे, तुझा लेक" म्हणून आईकडे देता. म्हणून आज हाताशी असतानासुद्धा बोललो नाही.

आज सकाळी तुम्ही गाडीची मागची सीट पुसत होतात ते मी खिडकीतून बघितलं. आईची दुसरी पिशवी उचलून डिकीत ठेवलीत आणि एक बाजू मोकळी केलीत. त्या सीटवर धड माणूस मावत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. उद्याची ती गाडी पोचवली की तिथूनच बस पकडून मी ताईकडे येईन. परतीला त्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून बसेन, आणि उतारावर तोंड बंद ठेवेन. प्रयत्न करीन.

बघा, मामा झाला, काकू झाल्या, हत्ती झाला. पाल्हाळ लावलं म्हणून मनात शिव्या घातल्या असतील. ते मुद्दामच लावलंय. या पत्राला दुसरं काही कारण नव्हतं. तुम्ही बॉनेट उघडून बोटानं ओळी लावत, एकेक शब्द वाचत उभे होतात, तेवढ्या वेळात सगळं तेल खाली उतरलं. आता पट्टी काढा. आईच्या साडीच्या पुसण्यानं स्वच्छ पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. दोन खुणांच्या मध्ये असेल तर काही ओतू नका. खालच्या खुणेला टेकलं असेल तर अर्धा डबा, सावकाश, नरसाळ्यानं, आणि मग हेच पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचून परत बघा. जे दिसेल ते आईला सांगा, ती मला फोन करील. मी जिथे असेन तिथे गाडी कडेला घेऊन, फोन हातात धरून बसलेला असेन. जागचा हलणार नाही.

तुमचाच,
भिंगऱ्या