तव्यावरचा काळा थर

१२ जून

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

माझं पत्र पाहून नवल वाटेल. दोनदा फोन केला, पण ठीक आहे ना सगळं, मग झालं, असं म्हणून तुम्ही ठेवून दिलात. पत्र असं मध्येच ठेवून देता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

इकडे सर्व कुशल. ह्यांच्याकडे एका नव्या रुग्णालयाच्या लिफ्टचं काम आलंय, त्यामुळे दिवसभर कुठल्या तरी दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेले असतात. लग्नासाठी घेतलेली रजा संपवून मीही छापखान्यात बांधणीच्या कामाला जायला लागले. घरी आले की हाताला डिंकाचा वास असतो आणि भिंगरी नाक मुरडते. तिचा अभ्यास उत्तम. जेवणाचं मात्र अवघड आहे.

तिला तुमच्या बहिणीच्या त्या बिडाच्या तव्यावरचंच लागतं. चौकोनी, उभ्या कंगोऱ्यांचा, दुकानात ज्याला ग्रिल पॅन म्हणतात तो. धाकट्या ताई त्यावर वांग्याच्या चकत्या, पाव, कणीस भाजायच्या आणि त्यावर काळ्या रेघा उमटायच्या. माझ्या हातून वांगं चिकटतं आणि पावाचा चुरा होतो. भिंगरी ताटात डोकावते, रेघा नाहीत म्हणते आणि ताट पुढे सरकवते.

खोटं कशाला बोलू, मला त्या तव्याचा हेवा वाटतो. भिंतीवर धाकट्या ताईंचा फोटो आहे, त्याच्याशी माझं बरं जमतं. पण तवा गॅसवर चढला की घरातली दोघं एकदम गप्प होतात आणि मी पाहुणी होते. मला मावशी म्हण, असं ह्यांनी भिंगरीला सुचवून पाहिलं. ती म्हणाली, मावशी आहे मला एक. तेव्हापासून ह्या घरात मी बिननावाची आहे.

हे म्हणाले, तव्याचं सगळं ताईंना ठाऊक, दर रविवारी येऊन त्याच बघायच्या. तेव्हा तो कसा धुवायचा, कसा ठेवायचा, तेवढं कळवाल का?

लोभ आहेच असं धरून चालत नाही. असावा, ही विनंती.

आपली,
बिननावाची

१९ जून

सौ. बाईंस,
स. न. वि. वि.

पत्र पोचलं. शाळा नुकत्याच उघडल्यात, त्यामुळे चष्म्याच्या दुकानात पोरांची रीघ आहे आणि भिंगं घासता घासता मान वर करायची सोय नाही. म्हणून उत्तराला उशीर.

धाकटीला तवा कुणी शिकवला नव्हता. हाताला वळण असावं लागतं, ते उसनं मिळत नाही. तरी तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. भाजून झालं की गरम पाण्यात भरपूर साबण घालून तवा रात्रभर बुडवून ठेवावा. सकाळी तारेच्या घासणीने चांगला खसाखसा घासावा, काळं सगळं निघून खालचं राखाडी बीड दिसेपर्यंत. ते काळं म्हणजे जळकट मळ, त्यामुळेच चिकटतं. मग पुसत बसू नये. ओला तसाच पालथा घालावा, आपोआप वाळतो.

हल्ली रविवारी माझं येणं होत नाही. कुणी बोलावलेलंही नाही.

भिंगरीवर माझा लोभ आहे आणि तो राहील.

आपली,
भिंगरीची मावशी

२७ जून

प्रिय मावशी,
साष्टांग नमस्कार. (शाळेत असंच लिहायला शिकवलंय.)

आईचा तवा मेला. तिने तो रात्रभर साबणात बुडवला आणि मग तारेने घासला. सगळा काळा रंग गेला. मी शाळेतून आले तर त्याच्यावर गंज होता. हात लावला तर बोटं नारिंगी झाली. बाबा म्हणाले, बीड असं मरत नाही. पण त्यांचा चेहरा तसा नव्हता.

तूच मला सांगितलं होतंस ना, की आई भाजायची तेव्हा दर वेळी थोडं थोडं तेल तव्यात मुरायचं आणि त्याचाच तो काळा थर झाला. म्हणजे आईच्या हातचं तेल त्याच्यात होतं. ते सगळं मोरीतून वाहून गेलं.

असं करायला कुणी सांगितलं, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, कुणी नाही, मला समजलं नाही, माझ्या हातून झालं. आता मी तिच्याशी बोलत नाही. बाबापण कामापुरतंच बोलतात. तू ये आणि तिला रागव. तुझं ती ऐकेल.

तुझी,
भिंगरी

२८ जून

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

भिंगरीचं पाकीट काल मीच पेटीत टाकलं, तेव्हा बातमी पोचली असेल.

तवा पिशवीत घालून मी भांड्यांच्या दुकानात गेले. दुकानदाराने तो उलटासुलटा करून पाहिला आणि मला विचारलं, "बाई, ह्याच्याशी कुणाचं वैर होतं का?" बिडाला साबणात भिजवत नाहीत आणि ओलं ठेवत नाहीत, एवढं लहान पोरालाही कळतं म्हणाला. मी पिशवी उचलली आणि घरी आले.

तुम्हाला हे माहीत नव्हतं, असं मी मानत नाही. पण मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. घासताना काळं पाणी वाहायला लागलं तेव्हा माझा हात अडखळला होता. तरी घासत राहिले. खरं सांगते, तेव्हा मला बरं वाटत होतं. धाकट्या ताईंचं काहीतरी ह्या घरातून निघून चाललंय आणि तेही त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या परवानगीने. म्हणून भिंगरीपुढे तुमचं नाव घ्यायला माझी जीभ रेटली नाही.

गेलेल्या माणसाचा मत्सर करणं फार दमवतं, ताई. तिच्याशी भांडता येत नाही. तुमच्याशी येतं, म्हणून विचारते. असं का केलंत?

भिंगरीला मी काही सांगणार नाही. सांगायचं की नाही ते तुम्ही बघा. ती रोज माझ्या समोर बसते, भाताचे चार घास गिळते आणि उठते. हे मधल्यामध्ये मूग गिळून बसलेत.

आणि मला बाई लिहू नका. बाई म्हटलं की मला आमच्या गणिताच्या बाई आठवतात.

लोभाचं नंतर बघू. उत्तर असावं.

आपली,
अजून बिननावाची

३ जुलै

चि. सौ. हिला,
अनेक आशीर्वाद.

आता तुला तूच म्हणते. एवढं होऊन बसल्यावर अहो-जाहो कशाला?

तुझ्या दुकानदाराला उत्तर दे, की वैर माझं होतं. तव्याशी नाही, तुझ्याशी.

धाकटीला भाजता यायचं, सांभाळता कधी आलं नाही. ती भाजून मोकळी व्हायची आणि तवा तसाच ओट्यावर पडायचा. रविवारी मी यायची, जाडं मीठ टाकून कापडाने घासायची, आचेवर सुकवायची, तेलाचं बोट फिरवायची. ती हसायची. मी तव्याला न्हाऊमाखू घालते म्हणायची. ती गेल्यावरही मी येत राहिले, तव्याच्याच निमित्ताने. जावईबापू काही म्हणाले नसते, पण बहीण नसलेल्या घराचं दार वाजवायला हातात काहीतरी काम लागतं.

मग तू आलीस. आणि ते कामच मला शिकवा, असं तुझं पत्र आलं. एवढी विद्या तुला दिली की त्या घराला माझी काय गरज उरली? मावशी एकच आहे असं भिंगरी म्हणाली, ते तू भोळेपणाने लिहिलंस. मी वाचलं ते असं, की आज नाही म्हणाली, उद्या म्हणेल. जीव इतका जळला की त्या दिवशी एका गिऱ्हाइकाचं डावं भिंग उजव्या नंबराने घासून ठेवलं.

हेवा मला नवा नाही. धाकटीचाही करायची. नवरा, मूल, घर, सगळं तिचं. त्या घरात तो तवा तेवढा माझा वाटायचा, आणि तोच मी तुझ्या हातांनी धुवून घेतला. भिंगरीचं पत्र वाचल्यावर कळलं, की त्यात माझं काहीच नव्हतं. जे वाहून गेलं ते धाकटीचं होतं. ते आता कुणालाच परत आणता येणार नाही.

तवा मात्र मेलेला नाही, भिंगरीचे बाबा म्हणाले ते खरं आहे. ह्या वेळी खरं लिहिते. जाडं मीठ आणि थोडं तेल घेऊन गंज घासून काढ. पाण्याने धू, लगेच पूस आणि मंद आचेवर खडखडीत सुकव. मग खायचं तेल लाव आणि लावलंच नाही असं वाटेपर्यंत पुसून काढ. कंगोऱ्यांच्या मधल्या खाचांतून कापडाचं टोक फिरव, तिथेच तेल साचतं. खिडकी उघडून धूर येईपर्यंत तापव, निवू दे, पुन्हा लाव. एका दिवसात काळा होणार नाही. भाजताना तवा आधी तापू दे, तेल वांग्याला लाव आणि एकदा ठेवलेली चकती हलवू नकोस. भाजली की ती आपणहून सुटते.

रविवारी येते. भिंगरीला मी माझ्या तोंडाने सांगेन. तू मध्ये पडू नकोस.

आशीर्वाद देण्याइतकी मी मोठी राहिले असेन, तर तो आहे.

तुझी,
ताई

७ जुलै

चि. सौ. हिला,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. बसमध्ये जागा मिळाली, पण एकच दृश्य डोळ्यांपुढे होतं. मी सगळं सांगितल्यावर भिंगरी माझ्या शेजारून उठली आणि तुझ्या पलीकडे जाऊन बसली. मला फक्त तिच्या वेणीचं टोक दिसत होतं. ती विचारत होती तेही मला नाही, तुला. "तू माझ्याशी खोटं का बोललीस?" आणि तू म्हणालीस, "तुझी मावशी तुला उरावी म्हणून."

मी आल्यापासून मुलीच्या तोंडून एक शब्द तुझ्या वाट्याला आला नव्हता. तिने राग टाकला तो माझ्यावर आणि आडोसा घेतला तो तुझा. त्या क्षणीसुद्धा मला तुझा हेवाच वाटला. एवढं लिहिलं आणि बोलले म्हणून मत्सर गेला, असं तुला वाटू नये.

एक मात्र सांगते. तिच्या खांद्यावर ठेवायला तू हात उचललास आणि माझ्याकडे बघून मागे घेतलास. पुन्हा असं करू नकोस. तिला तेव्हा तो हात हवा होता.

काही रविवार मी येत नाही. तिला जबरदस्ती करू नका.

जावईबापूंना नमस्कार. तुमचा लोभ मागायचा मला हक्क नाही, पण भूक आहे.

तुझी,
ताई

२६ जुलै

मावशी,
नमस्कार.

मी अजून रागावलेली आहे, म्हणून प्रिय लिहिलेलं नाही.

गंज सगळा निघाला. तवा आधी राखाडी झाला, मग पिवळट, आता चॉकलेटी आहे. डिंक तेल फार जाड लावते. (मी तिला डिंक म्हणते. तिला चालतं.) जाड लावलं की तवा चिकट होतो आणि सगळं पुन्हा घासावं लागतं. मावशीने पुसून काढायला सांगितलंय, हे मी तिला दोनदा सांगितलं. पण ती म्हणते, छापखान्यात जाड लावल्याशिवाय पुस्तक धरत नाही. बाबा म्हणाले, हे पुस्तक नाही. मग ती हसायला लागली आणि बाबापण.

काल वांग्यावर रेघ आली. एकच आली आणि वाकडी आली. मी ती चकती खाल्ली. आईसारखी नव्हती, पण कच्ची पण नव्हती. मग मी रडले आणि डिंकने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिच्या हाताला वास येतो, पण मी काढ म्हटलं नाही.

नवा काळा थर आईचा असणार नाही, हे मला माहीत आहे. बाबा म्हणाले, तो आपल्या सगळ्यांचा होईल. त्यात आता डिंकचं तेल आहे, बाबांचं आहे, आणि काल निजायच्या आधी मी लावलं ते माझं आहे. तुझं काहीच नाही.

म्हणून रविवारी ये. मी तुझ्याशी बोलणार नाही. पण तू ये.

लोभ आहे, आत्ता दाखवणार नाही.

भिंगरी