गाऱ्हाण्यावर बहिष्कार

४ नोव्हेंबर
तारकर्लीच्या किनाऱ्यावरचा गाळा गेला. मासळीच्या थाळीचा सगळा प्लॅन रेडी होता: रांधणार बायको सुगंधा, गल्ल्यावर बसणार मी. ग्रामपंचायत म्हणते, महिलांसाठी राखीव. मिळाला बचत गटाला. अध्यक्ष कोण, तर आमचीच सुगंधा. एसटीत यांना हाफ तिकीट, इथे फुल गाळा. आणि अन्याय म्हणे बायकांवर. एका खोपटाचा लॉज केलेला माणूस आहे मी. सूड घेणार.

६ नोव्हेंबर
सापडलं. रविवारी गाळ्याचं उद्घाटन. नारळ ठेवून गाऱ्हाणं घातल्याशिवाय आमच्या वाडीत कोणी नवी मोटरसायकलसुद्धा चालू करत नाही. आणि वीस वर्षं गाऱ्हाणं घालतो मी. मी देवाकडे मागणार, वाडी 'व्हय म्हाराजा' म्हणणार. बायका घालत नाहीत. हा भेदभाव नाही, परंपरा आहे.
ऐनवेळी माझा घसा बसेल. मग येतील हात जोडत.

८ नोव्हेंबर
घसा बसवला. खुणांवर काम चाललंय. सुगंधाने हळदीचं दूध दिलं, पाठीवरून हात फिरवला. विरघळलो नाही.
संध्याकाळी शेजारची सावित्री तिला परसात म्हणत होती, गो, घोवाचो घसो बसलो, आता कसा? सुगंधा म्हणाली, बघूया. (माझे कान तिखट.) घाबरली आहे.

९ नोव्हेंबर, सकाळी दहा
पडवीत बसलोय. गाळा माडांच्या पलीकडेच. आता येतील.

सव्वादहा
येतील.

दुपार
सुगंधाने स्वतःच गाऱ्हाणं घातलं. खणखणीत. बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरांनी धंदो मांडलो हा, तेका यश दी रे म्हाराजा. माझंच सगळं, हेल काढण्यासकट. शेवटी म्हणाली, माझ्या घोवाचो बसललो घसो मोकळो कर रे म्हाराजा.
'व्हय म्हाराजा' म्हटलं. मी. पडवीतून, सगळ्यांच्या आधी. वीस वर्षांची सवय.
तिकडे सगळ्यांनी वळून पाहिलं. मग बोटवाला गुरुदास म्हणाला, वयनी, तुझा गाऱ्हाणा हातासरशी पावला. मग हसले. बराच वेळ हसले.
सकाळी तिने ठेवलेलं हळदीचं दूध प्यायलो. थंड झालं होतं.

१२ नोव्हेंबर
गुरुदासने नवी बोट घेतली. गाऱ्हाण्याचं बोलावणं घेऊन स्वतः आला. शेवटी माझ्याशिवाय चालत नाही. लगेच शर्ट इस्त्रीला काढला.
बोलावणं सुगंधाला होतं. तिच्या शब्दाला गुण आहे म्हणे.
जाताना मला म्हणाला, तूय ये रे. व्हय म्हाराजा म्हणाक तुझो आवाज बरो.